बोनेटला फुटलेली लव

दिग्रस,
१ डिसेंबर २०२५

चि. धम्मरत्न यास,
अनेक आशीर्वाद आणि सप्रेम जयभीम. वि. वि.

तू सहासष्टाचा झालास तरी मी तुला 'चि.'च लिहिणार, तेव्हा तुझ्या रुखमाबाईला दाखवून हसू नकोस. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू हो हो म्हणतोस आणि दुसऱ्या दिवशी आठवत नाही म्हणतोस. कागदावर तसे जमत नाही.

मुद्दा असा. माझ्या गाडीला जानेवारीत पंधरा वर्षे होतात. नऊ तारखेला यवतमाळला आरटीओकडे तपासणी आहे. पास झाली तर पुढची पाच वर्षे नोंदणी मिळते. संजयचे म्हणणे, बोनेट गंजले, रिमा गंजल्या, आता आईने ती भंगारात द्यावी आणि ऑटोने फिरावे. मी त्याला सांगितले, नापास झाली तर मी स्वतः पुसदला जाऊन चावी त्याच्या हातात देईन आणि पुन्हा गाडीचे नाव काढणार नाही. शब्द दिला आहे.

गाडी गेली तर काय होईल ते तुला ठाऊक आहे. मी, पुष्पा, वर्षा आणि सुखीबाई, आम्ही चौघी निवृत्त. विहार, वाचनालय, डोळ्यांचा डॉक्टर, लग्ने, सगळीकडे जातो आणि कुणाच्या मुलाची सवड विचारत नाही. उद्यापासून चौघींनी चार घरांत बसून एकमेकींना फोन करायचा, हे मला मान्य नाही.

गॅरेजवाल्याने बोनेट पाहून, बाई, विकून टाका, असे सुचवले. त्याच्या वडिलांना मी नववीत शिकवले आहे. प्रश्न पुरता वाचण्याआधी उत्तर लिहायची खोड त्यांनाही होती. म्हणून बोनेट आणि रिमा घरीच रंगवायचे ठरवले आहे. गंज म्हणजे लोखंड, पाणी आणि हवा. हे मी चौतीस वर्षे शिकवले. शेजारच्या राजकुमारने बोनेट खोलून अंगणात दोन स्टुलांवर ठेवून दिले आहे. तुझा सल्ला मागत नाही. तू डेपोत एसट्या रंगवायचास, म्हणून फक्त कळवते.

लोभ आहेच, तो वाढवायची घाई नाही.
प्रभावतीताई


ढाणकी,
५ डिसेंबर

ती. ताईस,
धाकट्याचा सविनय जयभीम. वि. वि.

तुहं पत्र भेटलं. रुखमाबाईले दाखवलं. ती हासली, मी नाही हासलो.

सल्ला मागितला नाही तरी देऊन राह्यलो. एकतीस वर्षं डेपोत काय मी नुसता चहा पेत होतो? तू मले आठवीत तीन परीक्षानळ्यांत तीन खिळे टाकून गंज शिकवला, अन् उत्तर चुकलं म्हणून जेवण थांबवलं, ते ध्यानात हाये. पण खिळा घेऊन कोणी आरटीओत जात नाही.

आधी तारेच्या ब्रशनं गंज खरवड, लोखंड चमकेपर्यंत. मंग पॉलिश पेपर घास. मंग रेड ऑक्साइडचं अस्तर लाव अन् पुरं वाळू दे. खड्डे दिसतील तिथं लांबी, म्हणजे पुटी, भर, वाळली की घासून सपाट कर. मंग रंग, पातळ पातळ तीन हात. घाई करून एकच जाड हात मारशील त ओघळ येतील.

अन् एक गोष्ट कान देऊन आयक. अंगणात रंग मारू नको. तुह्या घरामागं जिनिंगचा कारखाना हाये. सध्या कापसाच्या गाड्यांची रांग लागली असंन. हवेत उडणारा कापूस ओला रंग सोडत नाही. आमचे डेपो मॅनेजर बी हे आयकत नव्हते, मंग एका गाडीच्या टपावर शेवरीच्या कापसाची गादी झाली तवा आयकले. खोलीत मार. फरशीवर पाणी शिंपड, खिडक्या उघड्या ठेव पण त्यावर ओल्या चादरी टांग, अन् तोंडाले फडकं बांध.

मले बोलाव, मी येतो. तू बोलावणार नाहीस, हे बी मले माहीत हाये.

तुहा, धाकटाच राह्यलेला,
धम्मरत्न


दिग्रस,
१२ डिसेंबर

चि. धम्मरत्न,
आशीर्वाद. पत्र पोचले.

चारही रिमा झाल्या. इतक्या सुरेख की पुष्पाने त्यांत रांगोळी काढू का असे विचारले. ओघळ एकही नाही.

जिनिंगच्या बाबतीत तुझी भीती अशास्त्रीय आहे. मी सकाळी गच्चीवर रुमाल धरून पाहिला. वारा माझ्या घराकडून जिनिंगकडे वाहत होता. म्हणून बोनेटला अंगणातच रंग दिला. दुपारच्या वाऱ्याची जबाबदारी कुणी घेऊ शकत नाही.

बोनेटचे ठीक आहे.

थंडी बरी आहे. तू गुडघ्याला तेल लावतोस का? रुखमाबाईचा खोकला थांबला का? सहज विचारते, ताज्या रंगाला काही चिकटले तर ते वाळल्यावर आपोआप गळून पडते का? वर्षाला तिच्या जाळीच्या दारासाठी हवे आहे.

सर्वांना जयभीम सांग. लोभ पूर्वीइतकाच.
प्रभावतीताई


ढाणकी,
१७ डिसेंबर

ती. ताईस,
जयभीम. वि. वि.

रुखमाबाई परवा भाचीच्या साखरपुड्याले दिग्रसले गेलती. येताना तुह्या घरी डोकावली. अंगणात दोन स्टुलांवर गोधडी पांघरलेलं काही तरी दिसलं. तिनं विचारलं त तू म्हणे सांगितलं, वाळवण हाये. तू चहा टाकाले आत गेली अन् तिनं गोधडी उचलली.

ताई, पांढऱ्या रंगावर पांढरा कापूस लांबून दिसत नाही, हे मान्य. पण रुखमाबाईनं हात फिरवला त तिले वाटलं, हे आता म्याऊ करन. राजकुमारची बायको तिले सांगत होती का गल्लीतले लोक दूध आणाले जाता-येता हात फिरवून जातात. तुह्या घरी जनावर पाळलं नाही, ती कसर भरून निघाली म्हणायची.

वर्षाताईले कळव, आपोआप काहीच गळत नाही. अन् वर्षाताईच्या घराले जाळीचं दार नाही, हे बी रुखमाबाई पाहून आली.

हासलो, खूप हासलो, खोटं काहून सांगू. पण हासणं झाल्यावर कॅलेंडर पाहिलं. नऊ तारखेले तीन आठवडे राह्यले. सगळा रंग पाण्याचा पॉलिश पेपर मारून काढा लागन अन् पुन्हा पहिल्यापासून. एकटीच्यानं होणार नाही. संजय शब्दाचा पक्का हाये, तो तुहाच पोरगा हाये. चावी मागन.

बोलाव ना ओ.
धम्मरत्न


दिग्रस,
२० डिसेंबर

चि. धम्मरत्न,
आशीर्वाद.

वाळवण म्हटले, कारण ते वाळतच होते. मी खोटे बोलले नाही. रुखमाबाईला सांग, दुसऱ्यांच्या घरी पांघरुणे उचलू नयेत.

मी तुला बोलावत नाही. फक्त माहिती देते. पाहुण्यांची खोली झाडून ठेवली आहे. हॉलमधला सोफा व्हरांड्यात काढला. भिंतीवरचे फोटो आतल्या खोलीत नेले. खिडक्यांवर चादरी टांगायला खिळे ठोकले. दोन वाकडे गेले. पाण्याचे पेपर डझनभर आणले. हे सगळे कुणासाठी, ते तूच ठरव.

काल पुष्पाने विचारले, नऊ तारखेनंतरच्या रविवारी विहारात कसे जायचे. मला उत्तर देता आले नाही. वर्गात असे माझ्या सबंध नोकरीत दोनदा झाले होते, आणि दोन्ही वेळा मी दुसऱ्या दिवशी उत्तर शोधून आणले होते. या वेळी ते तुझ्याकडे आहे.

लवकर ये. गुडघ्याचे तेल घेऊन ये.
प्रभावती


दिग्रस,
१० जानेवारी २०२६

चि. संजय यास,
आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल संध्याकाळी तू तीनदा फोन केलास. पत्राने कळवते म्हटले, कारण निकाल लेखीच द्यायचा असतो.

आरटीओचे साहेब तरुण होते, तुझ्यापेक्षाही. चासी नंबर पाहिला, दिवे पाहिले, हॉर्न वाजवायला लावला. मग बोनेटपाशी आले आणि त्यावरून सावकाश तळहात फिरवला. तुझ्या मामाने डोळे मिटून घेतले. साहेबांनी पुन्हा हात फिरवला आणि काम कुठे करून घेतले ते विचारले. मी म्हटले, माझ्या हॉलमध्ये. त्यांनी आतल्या दोन माणसांना बोलावून बोनेट दाखवले. मामा काही सांगायला तोंड उघडत होता. मी त्याच्या पायावर पाय दिला.

मग त्यांनी ड्रायव्हर कुठे आहे म्हणून विचारले. मामाने माझ्याकडे बोट केले. मैदानाला एक फेरी मारून दाखवा, असे सांगण्यात आले. पुष्पा, वर्षा आणि सुखीबाई मागच्या सीटवर बसल्या होत्या. त्यांना उतरायला सांगितले, तर सुखीबाई म्हणाली, आम्ही गाडीबरोबरच्याच आहोत. फेरी चौघींनी मारली.

पास. पाच वर्षे.

बोनेट तुझ्या मामाने रंगवले आहे. आठ दिवस तो या घरात ओल्या चादरींमध्ये कोंडून घेऊन बसला होता आणि एकदाही मला चुकीचे ठरवले नाही, जे त्याला सहज जमले असते. त्याआधी तेच बोनेट मी रंगवले होते. त्याचे काय झाले ते मामाला विचारू नकोस. तो खरे सांगेल.

तू भंगार म्हणालास तेव्हा मला राग आला होता. मामा म्हणाला, संजयला गाडीची नव्हे, आईची काळजी आहे. तसे असेल तर तसे सरळ सांगत जा. मी काही तुझे जेवण थांबवणार नाही.

अठरा तारखेला, रविवारी, आम्ही चौघी तुझ्याकडे जेवायला येत आहोत. चावी माझ्याच हातात असेल. गेटसमोर उभी असते ती तुझी मोठी गाडी आदल्या दिवशीच बाजूला घे, म्हणजे मला सरळ आत येता येईल आणि आत वळवून सरळ बाहेर पडता येईल. मला रिव्हर्स नीट येत नाही. साहेबांनी तेवढे विचारले नाही आणि मी सांगितले नाही. तुला सांगते.

लोभ ठेव, काळजी बेताची कर.
तुझी आई