यांच्या आवाजाची एकच टेप

६ जून, शनिवार

गिळली! जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याने टेप गिळली आणि दार मिटून बसला. बटण दाबलं की आत कुरकुर होते, पडद्यावर लाल खूण लुकलुकते आणि सगळं बंद. माळ्यावरच्या खोक्यात बाकीच्या टेपांना पांढरी बुरशी आलेली. ही एकच धड होती, तीच अडकली. माझं नशीबच तसलं.

इथे लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही — मला यांचा आवाज आठवत नाही. घशाच्या ऑपरेशनात तो गेला, त्याला वर्षसुद्धा झालं नाही. चेहरा रोज समोर आहे, चहा पुढ्यात ठेवते, पाटीवर खडूने लिहितात ते वाचते. पण आवाज? डोळे मिटून आठवायला गेले की माझाच आवाज येतो. कॅमेरा कायम यांच्याच हातात असायचा, म्हणून चित्रात हे कुठेच नाहीत. मागून बोलतात तेवढेच. फोन उचलायचा तर कंटाळा, तो मीच घ्यायचे. म्हणजे जे काय उरलंय ते या टेपेत.

८ जून

हे घड्याळजी. उभा जन्म डोळ्याला भिंग लावून चिमट्याने काटे बसवण्यात गेला. म्हटलं, "अहो, बघा ना जरा काय झालंय." पाटीवर लिहिलं — जुना झाला, टाकून दे. आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

घड्याळजी घरात, आणि स्क्रू मी शोधतेय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

९ जून

शेवटी मीच उघडला. आतली चाकं बघून जरा धीर आला — शिवणाच्या मशीनसारखंच की सगळं! मशीन अडलं की तेलाचा थेंब, हा माझा आयुष्यभराचा इलाज. सोडले थेंब. चाकं कशी मऊ फिरायला लागली. टेप काही बाहेर आली नाही.

१० जून

आता कुरकुरही नाही. मोटार नुसती फिरते, बाकी ढिम्म. कापडाला हात लावला नाही. गिऱ्हाईक दारावरून परत गेलं.

१२ जून

दुरुस्तीवाल्याकडे गेले. जिन्याखाली एवढंसं दुकान, पोटं उघडी टाकलेले रेडिओ आणि टीव्ही. त्याने कॅमेरा खोलला आणि नाकाजवळ नेला.

"काकू, तेल कोणी घातलं?"

"मी."

"कसलं?"

"मशीनचं."

त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. म्हणाला, "यातलं चाक रबराचं असतं. ते टेपेला चिमटीत धरून पुढे ओढतं. तेल लागलं की धरणार कसं? आणि टेपेवर उतरलं असेल तर मग…" ठेवून जा म्हणाला.

येताना रस्त्यात रडले. भर दुपारी, लोक बघत होते. बघू देत. करायला गेले एक आणि झालं भलतंच. डॉक्टरांनी गळ्यातला काढला, उरलेला मी बुडवला. आपल्या हाताने, बाटलीतून.

१३ जून

जेवले नाही. यांनी ताट झाकून ठेवलं. का जेवली नाहीस, ते विचारलं नाही.

१७ जून

टेप निघाली! तेल तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. त्याने चाक पुसून घेतलं, चित्र वाचणारा भाग साफ केला, आणि स्वतःची एक टेप लावून दाखवली — कुणाचा तरी कुत्रा पाण्यात उड्या मारतोय, भुंकणं अगदी खणखणीत. "तुमची लावू?" म्हणाला. नको म्हटलं. यांचा आवाज दुकानात, चार लोकांसमोर ऐकायचा नव्हता मला.

घरी आणून टेबलावर ठेवला. "मी येते कपडे पोचवून, मग दोघं बसून बघू," म्हटलं यांना. मान हलवली.

आल्यावर लावली. लेक परकर सावरत पळतेय. मी हात झटकतेय, म्हणजे "बंद करा ते" म्हणत असणार. चित्र स्वच्छ. आवाज नाही! बटणं दाबून दाबून बोट दुखलं. काही नाही. हे शेजारी बसून होते.

१८ जून

टेपच मुकी निघाली असेल तर? मग कशासाठी धडपडले एवढी? आज लेकीचा फोन आला. "कॅमेऱ्याचं काय झालं गं?" म्हणाली. म्हटलं, चाललंय. खोटं बोलले. काही चाललेलं नाही. या घरात काहीच चालत नाही.

२० जून

परत दुकान. त्याने खोलला, बघितलं, माझ्याकडे बघितलं. "काकू, स्पीकरची तार खोबणीतून काढलीय. आपोआप निघत नाही ही. चिमट्याने उचलून, नीट घडी करून बाजूला ठेवलीय. ज्याने काढली त्याचा हात चांगला आहे."

चांगला असणारच.

"बसवून देऊ?" म्हणाला. नको म्हटलं. ज्याने काढली त्याने बसवावी.

कॅमेरा यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, "का?" यांनी पाटी मांडीवर ओढली. मग लिहिलं — तो आवाज घरात आला की तू त्याच्याशीच संसार करशील. मी काय करू?

माझा तोल गेला. म्हटलं, "आणि तुम्ही करताय का संसार? दिवसभर खिडकीकडे तोंड! मी पाठीशीच बोलायचं का आता?" यांनी पाटी पुसली.

कॅमेरा कपाटात टाकला. हरले मी. आवाज गेला तो गेलाच, आता माणूसही जातोय. बसल्या जागी, रोज थोडा थोडा. आणि त्याला दुरुस्तीवाला नाही.

२१ जून

मनच नाही लिहायला.

२३ जून

भाजी घेऊन आले तर आतून माणसाचा आवाज. कोण आलं म्हणून डोकावले. हे टेबलाशी, पाठ दाराकडे, चिमटा अजून हातात, कॅमेरा समोर. टेप चालू. समोरच्या आरशात यांचं तोंड दिसलं. ओठ हलत होते — टेपेच्या बरोबरीने, शब्दाला शब्द.

"अगं, इकडे बघ की. लाजतेस काय, मीच आहे."

मी दारातूनच म्हटलं, "बघतेय."