आईंच्या खुर्चीला आडवा आलेला दांडा

चि. मेहुणेबुवांस,

तुझ्या एकुलत्या एका भावोजींचे दोन्ही हातांनी भरभरून आशीर्वाद. (दोन्ही हात, बोटांसकट, जागच्या जागी आहेत, हे ओघात कळवून टाकतो.) तुझी पाठ कशी आहे? वर्कशॉपमध्ये वाकून वाकून वेल्डिंग करत जाऊ नकोस, असं तुझी ताई सांगते, आणि हे मीच सांगतोय असं लिहा, असंही सांगते. आईंचा आवाज परवा फोनवर खणखणीत होता, म्हणजे तब्येत उत्तम असणार. आम्ही दोघं मजेत. घरभर जळक्या लोखंडाचा वास आहे आणि माझ्या कानात अजून बारीक शिट्टी वाजते, पण मजेत.

पत्राचं कारण तुला ठाऊक आहेच. ऑपरेशननंतर आई चाकांच्या खुर्चीवर आल्या आणि काही महिने आमच्याकडे राहायचं ठरलं, पण आमच्या पुढच्या दाराच्या ग्रीलचा उभा दांडा त्या खुर्चीला आडवा येतो. आपण दोघं त्यांना खुर्चीसकट उचलून आत घेऊ, असं मी म्हणालो, तर आई म्हणाल्या, "मी काय गव्हाचं पोतं आहे? माझी मी चाकं फिरवत आत येईन, नाहीतर येणारच नाही." तू लगेच म्हणालास, मी येऊन दांडा कापून देतो. विषय तिथेच संपायचा. पण आई माझ्याकडे बघत तुला म्हणाल्या, "तूच जा बाबा. जावईबापूंना साधा खिळा ठोकता येत नाही." आता मी आयुष्यभर पोस्टात शिक्के मारले हे खरं, पण माणसाला काही मानबिन असतो की नाही? तुझं लोखंड कापायचं ग्राइंडर काखोटीला मारून मी तडक घरी आलो.

निघताना तू दिलेल्या सूचना मी एका कानाने ऐकल्या. दुसरा कान तुझ्या ताईचा होता, आणि तिथे गेलेलं काही बाहेर पडत नाही. घरी आल्या आल्या तिने कारभार वाटून टाकला, मशीन माझ्या हातात आणि प्लग तिच्या हातात. (लग्न झाल्यापासून मला मध्येच बंद करायची सोय तिला पहिल्यांदा मिळाली, आणि तिने ती अगदी मनापासून वापरली.) कापणाऱ्या चकतीवरचं ते अर्धगोल झाकण, ज्याला तू गार्ड म्हणतोस, ते काढलं तर दांडा नीट दिसेल, असं माझं मत पडलं. मी पाना शोधून येईतो बाई एक्स्टेन्शन बोर्ड गुंडाळून आत गेल्या होत्या आणि शांतपणे भाजी निवडत होत्या. गार्ड जागेवर राहिलं. मग माझ्या पोशाखाची तपासणी झाली. ठिणग्यांपासून मान वाचावी म्हणून मी मफलर गुंडाळला होता, तो उतरवला, कारण लोंबतं कापड चकतीत गेलं की पाठोपाठ मानही जाते म्हणे. ढगळ शर्ट गेला, पायजम्याची नाडी आत खोचली गेली, आणि तुझा तो गॉगल डोळ्यांवर चढला. शेजारचे शिंपीकाका कुंपणावरून हे सगळं बघत होते. त्यांनी शर्टाचं माप घेऊ का, असं विचारलं.

शेवटी एकदाचं मशीन सुरू झालं. आवाज असा की शिंपीकाका घरात गेले. ठिणग्या मात्र सुंदर उडत होत्या, मी त्यांच्याकडे कौतुकाने बघत राहिलो, आणि त्या बरोबर पायपुसण्यावर पडत होत्या. आधी प्लग निघाला, मग धूर माझ्या लक्षात आला, मग तांब्याभर पाणी पडलं. हा क्रम तुझ्या ताईचा आहे, माझा असता तर उलटा झाला असता. पायपुसणं गेलं, दार ओलं झालं, आम्ही चहा घेतला आणि पुन्हा कामाला लागलो.

आता जरा गंभीर सांगतो. दांडा अर्ध्याहून जास्त कापला गेला आणि वरच्या ग्रीलचा भार खाली आला. फट मिटली, चकती तिच्यात आवळली गेली आणि मशीन असं उसळलं की खांद्यापर्यंत झणका गेला. बाजूची मूठ दुसऱ्या हातात घट्ट होती म्हणून निभावलं. चकतीचा एक तुकडा उडाला, तो गार्डवर खाडकन आपटला. मेहुणेबुवा, मी घाबरलो. अगदी खरं सांगतो. चकती पूर्ण थांबेपर्यंत मशीन धरून ठेवलं, मग खाली ठेवलं आणि पायरीवर बसलो. तुझी ताई शेजारी येऊन बसली. माझा हात तिने हातात धरून ठेवला.

त्यानंतर वरच्या पट्टीला लाकडाचा टेकू लावला गेला, नवी चकती बसवली गेली आणि दांडा व्यवस्थित कापला गेला. राहिलेली टोकं जाड चकतीने घासून अशी गुळगुळीत केली गेली आहेत, की आईंचा हात लागला तरी ओरखडा उठणार नाही. दार आता ऐसपैस दिसतं. आईंना सांग, रस्ता मोकळा आहे.

तुझा,
भावोजी

ता. क. तुझा गॉगल सैल होतो, सारखा नाकावर घसरतो. लहान मापाचा एक पाठव. हातमोजेही लहानच.

ता. क. बरं, तू विचारणारच, म्हणून सांगतो. टेकू तिने लावला, चकती तिने बदलली, दांडा तिने कापला. मी प्लग धरून उभा होतो. पण आईंना तेवढं मी कापला असं सांग. एवढं कर माझ्यासाठी.

ता. क. भाऊ, हे मी लिहितेय, ताई. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं होतं. आईला मी सगळं कालच फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या बाबांना नाही जमलं, तुझ्या भावालाही जमत नाही. भीती वाटली म्हणून हातातलं मशीन खाली ठेवणारा पुरुष आपल्या घरात पहिल्यांदाच आला. त्यांना म्हणावं, मी शनिवारी येते." हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. दारात आल्यावर तीच सांगेल.