माप घेण्याची घाई

३ मार्च
पादत्राणशिरोमणी, चर्मकलाधुरंधर, अखिल गल्लीत अद्वितीय (दुसरं दुकानच नाही!) असे आम्ही आज स्वगृही पराभूत झालो. कन्येने प्राणिजन्य वस्तुमात्राचा त्याग केला आहे. दूध गेलं, मध गेला; आज आम्ही शिवलेले बूटही गेले. — "बाबा, कातडं कुणाचं तरी असतं." परंतु तिचं डावं पाऊल जन्मतः वाकडं. कापडी-रबरी बूट ते सोलून काढतात.

११ मार्च
टाचेला जखम. मलम लावताना कन्या हूं की चूं करत नाही. विव्हळतो आम्हीच.

१२ मार्च
दिव्य कल्पना! शेजारच्या वहिनींची शेळी जराजर्जर आहे. ती यथाकाल, स्वाभाविकपणे दिवंगत झाली तर? हिंसा शून्य, कातडं मऊ! वहिनी म्हणाल्या, "न्या की. मातीत जाण्यापेक्षा बरं." कन्येची अट — "आपसूक गेली, तर चालेल."

२० मार्च
शेळीला खोकला. आम्ही सकाळ-संध्याकाळ समाचारास जातो. वहिनी: "भाऊजी, मी अंथरुणाला खिळले होते तेव्हा फिरकलात का?"
आज खिशातून मापाची फीत निघाली आणि शेळीच्या पाठीवर विराजमान झाली. निव्वळ व्यावसायिक सवय! मागे कन्या उभी.
"बाबा, तुम्ही मारत नाही. पण वाट बघताय."
फीत जप्त. जेवण गेलं नाही.

२१ मार्च
गुरांच्या डॉक्टरांना आम्हीच पाचारण केलं. औषधही आम्हीच पाजलं. शेळीने सणसणीत लाथ हाणली. कृतज्ञ आहोत — ताकद शाबूत आहे!

६ एप्रिल
शेळी उठली! कन्या तिला पाला भरवते, आम्ही शेजारी बसतो. बापलेकीचं इतकं बोलणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. त्या दाढीधारी विदुषीचे अनंत उपकार. कन्येच्या कापडी बुटांना आतून जुन्या सुती चादरीच्या घड्या शिवल्या. जखम भरली नाही, पण चिघळतही नाही.

१९ नोव्हेंबर
आज दुपारी शेळी गेली. डोकं कन्येच्या मांडीवर, पाठीवर आमचा हात. कातड्याचं नाव आम्ही काढलं नाही.
संध्याकाळी कन्या दुकानात आली. कागद पसरला, डावं पाऊल त्यावर ठेवलं. "घ्या माप."
परंतु फीत! जप्त करून ठेवली कुठे, हे तिलाच आठवेना. तिन्ही फडताळं उपसून झाली. या घरात एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ!