वाचनालयाची चावी

पापनाशम, गुरुवार, संध्याकाळ

आमच्या खाण कंपनीने गावाला वाचनालय बांधून दिले. चावी मात्र कार्यालयातच ठेवली. पाहुणे आले की दार उघडते, एरवी पुस्तके कोंडलेली. गावाशी बोलणे हीच माझी नोकरी. तमिळ येत नाही म्हणून मी किती दिवस गप्प राहायचे?

आज गावकऱ्यांच्या सभेत बोलायला उठले. घाईत मराठीच तोंडातून निघाली, "चावी गावाला द्या."

बायका हसल्या. "सावी, सावी!" त्यांचाही शब्द जवळजवळ तोच.

कंपनीच्या साहेबांनी विचारले, "हरवली तर?"

पिढ्यानपिढ्या इथेच राहिलेल्या मराठी घरातल्या कमलाक्का म्हणाल्या, "आजवर कुठं सापडली होती?"

साहेबांनी कार्यालयातून चावी मागवून त्यांच्या हातात ठेवली.

उद्या मला पुस्तक हवे असेल, तर चावी कमलाक्कांकडे मागावी लागेल. मागणारच आहे.