नऊ दिवसांची रिकामी वीत

पुंता अरेनास, २६ फेब्रुवारी

प्रिय एल्सिराताई,

तुला आणि घरातल्या सगळ्यांना आठवणीने नमस्कार. मी बरा आहे. शेजारीण रोज सूप आणते आणि वाटी रिकामी झाल्याशिवाय हलत नाही. तुझा गुडघा कसा आहे?

माझ्याकडे चिलोएला कायमचा कधी येतोस, असं तू विचारलंस. त्याआधी एक सांगतो.

आमच्या प्लास्टिकच्या हरितगृहात मधमाश्या येत नाहीत. तुझी भावजय ओतिलिया रोज दुपारी चमच्याच्या दांड्याने टोमॅटो-मिरचीची फुलं हलवायची, म्हणून फळ धरायचं. मी हलवली की म्हणायची, "अरे, दार वाजवल्यासारखं काय ठोकतोस? घाबरून गळतील ना ती!"

ती गेल्यावर नऊ दिवस घरात प्रार्थना चालल्या. मी पाहुण्यांजवळ बसून होतो. फुलांची आठवण कुणालाच झाली नाही आणि ती गळून गेली. आता टोमॅटोच्या प्रत्येक झाडावर खाली तिच्या हातचे लाल घोस आहेत, मग वीतभर नुसतं खोड, आणि त्याच्या वर, दहाव्या दिवसापासून मी हलवलेल्या फुलांची बारीक हिरवी फळं.

मिरच्या थोड्याच आल्या. सुकवून तुला पाठवतो.

वरची फळं पिकणार नाहीत; इथला उन्हाळा सरत आला, मार्चअखेर दंव पडेल. शेजारीण म्हणते, "शेंडे खुडून टाका, उगीच झाडाला भार." माझ्याने ते होत नाही. म्हणून दंव पडेपर्यंत थांबतो, ताई. मग येतो.

तुझ्या अंगणात मधमाश्या आहेत, ठाऊक आहे. तरी चमचा बरोबर आणीन.

तुझा धाकटा,
बाउदिलियो