मूठभर देठ

१६ मे, बुधवार
कोणीतरी आमचं विकायचं समुद्री शेवाळ मुळापासून कापलंय! ओहोटीला आमच्या कापणीच्या पट्ट्याच्या पार टोकापर्यंत गेले, तर वरच्या बाजूच्या खडकांची नुसती टकलं. बाबांना नेऊन दाखवलं. ते म्हणाले, "मूठभर देठ ठेवावा, एवढं या खाडीत शेंबड्या पोरालाही कळतं!"

ते साठ वर्षं तसंच कापतात. डाव्या मुठीत देठ खडकाशी घट्ट धरायचा, विळा मुठीच्या वरून. बघायचंसुद्धा नाही.

१८ मे
दहा दिवस पाऊस नाही — आमच्याकडे, जिथे एक दिवस पावसावाचून जात नाही! पूर्वेचा कोरडा वारा. अगदी वरच्या खडकांवरचं शेवाळ काळं पडलंय, बुटाखाली कुरकुरतं. त्याची काळजी नाही. आठवडाभर वाळलं तरी पाणी लागताच फुगतं. आम्ही कापतो ते पिवळं तसलं नाही. त्याच्या लांब झिपऱ्या एकमेकींवर पडतात, वरच्या सुकतात, खालच्या ओल्या राहतात. टकलांवर आता पांघरूणच नाही. बोटभर रोपं उघडी उन्हात.

२० मे, रविवार
मिस्सा सुटल्यावर चर्चच्या दारात फेस्टीला धरलं. शेजारचा पट्टा त्याचा, दुसरं कोण असणार? सगळ्यांदेखत म्हटलं, "लाज कशी वाटली नाही तुला?" तो टोपी हातात फिरवत राहिला. "पोरी, घरी जा. बापाकडे बघ जरा." चोराच्या उलट्या बोंबा!

२३ मे
भांगाचे दिवस. भरती अर्ध्यावरूनच परत जाते, टकलांपर्यंत पोचतच नाही. बादलीनं पाणी ओतलं. चाळीस खेपा! दुसरी बादली आणेपर्यंत पहिलीचा खडक कोरडा.
"समुद्राचं काम बादलीनं करतेस?" — बाबा. हसत म्हणाले नाहीत. मी तिथेच बसून रडले.

२५ मे
रोपं गेली. बोटं लावली तर भुगा. पुन्हा उगवायला माझं अर्धं आयुष्य जाईल. बाबांनी ताटातल्या बटाट्याला हात लावला नाही. "फेस्टीच्या बापाबरोबर मी होडी ओढली," एवढंच पुटपुटत होते.

२७ मे
सकाळी बाबा तापल्या लोखंडी चुलीवर डावा हात टेकवून चहाची वाट बघत उभे होते. मी किंचाळले तेव्हा त्यांनी हात उचलला. तळवा सोललेला, आणि ते माझ्याकडे बघतायत!
"हिवाळ्यापासून बधिर आहे जरा. एवढं काय? विळा उजव्या हातात असतो माझा."
लोणी लावलं, फडकं बांधलं. विळा मुठीच्या वरून जातो की खालून, ते या हाताला कळतच नसणार. फेस्टीच्या पाया पडायला हवं. पण त्याची माफी मागितली, की टकलं कोणी केली ते बाबांना सांगावं लागेल.