ओढ्यापलीकडचे ॲश

११ जानेवारी

बाबा वाचले. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलंय, खांदा निखळलाय — पण वाचले. करवत बुंध्यात अर्धी गेली होती आणि वाळलेल्या ॲशच्या झाडाचा शेंडा वरून तुटून आला.

चार वर्षांपूर्वी ॲशची साल आतून पोखरून झाड मारणारा किडा जिल्ह्यात आला तेव्हाच बाबांना ही झाडं तोडायची होती. हिरवी होती तेव्हा. मीच नको म्हटलं! नुकती वनशास्त्राची पदवी घेऊन आले होते. हजारांत एखादा ॲश किड्याला पुरून उरतो, सगळे तोडले तर तो कोणता ते कधी कळणारच नाही — जेवताना अर्धा तास बोलत होते. बाबा म्हणाले, "आपल्या घरात कॉलेजात गेलेलं एकच माणूस आहे. त्याचं ऐकू या."

मेलेला ॲश काचेसारखा ठिसूळ होतो. तेही मला माहीत होतं.

१४ जानेवारी

उणे एकोणीस. हॉस्पिटलात रेमी माझ्याशी बोलला नाही. निघताना एवढंच — "काय प्रोफेसरबाई, सापडलं का तुमचं झाड?" बावीस वर्षांचा माझा धाकटा भाऊ. मी गाडीत बसून रडले.

१६ जानेवारी

बाबांनी दोघांना बोलावलं. उतारावरून शाळेच्या मुलांची स्कीची वाट जाते, मेलेली झाडं उभी ठेवता येणार नाहीत. झाडं पाडायचं मशीन असलेला माणूस यायला तयार आहे. बंद केबिनमधून सगळा उतार साफ करेल. माणसाच्या डोक्यावर काही पडायचं नाही.

"पण पोरी, आधी तू जाऊन बघ. एक जरी जिवंत असेल तर मशीन नको. ते शेजारपाजार बघत नाही, सगळं लोळवतं. रेमी हातानं तोडेल, त्या एकाला सांभाळून."

"तोडेन की," रेमी लगेच म्हणाला.

"वर बघत तोडायचं."

"तुम्ही काय डोळे मिटून तोडत होतात?"

कोणीच हसलं नाही.

१८ जानेवारी

स्नोशूज बांधून सकाळीच निघाले. पणजोबांची मेंढ्यांची कुरणं होती ही. मेंढ्या गेल्या, रान परत आलं. दगडी कुंपणं अजून झाडांमधून सरळ जातात, काहीच न अडवता. यातलं प्रत्येक वळण मला पाठ आहे, पण आज ओळखीचं काही वाटेना. सुतारपक्ष्यांनी साली उकरून बुंधे फिकट करून टाकलेत.

लांब दांड्याच्या कात्रीनं डहाळी पाडायची, नखानं साल खरवडायची. आत हिरवं तर जिवंत, तपकिरी तर मेलेलं.

एकोणतीस झाडं. एकोणतीसच्या एकोणतीस तपकिरी.

१९ जानेवारी

दिवसभर बर्फ. गेले नाही. बरं वाटलं, आणि त्याची लाज वाटली.

२१ जानेवारी

ओढ्यापलीकडे, वाटेवरच्या चढावर. सेहेचाळिसावं झाड.

हिरवं!

दुसरी डहाळी पाडली. तीही हिरवी. कळ्या टपोऱ्या. बुंध्यावर किड्याचं एक भोक नाही. बर्फात बसून एकटीच मोठ्यानं हसले. बरोबर होते मी — बरोबर होते!

मग वर पाहिलं. चहूबाजूंनी अकरा मेलेले ॲश, फांद्या फांद्यांत अडकलेल्या. एक कलून याच झाडावर रेललेला. वाऱ्यानं वर कुठेतरी कटकट वाजत होतं. त्या प्रत्येकाखाली रेमीला उभं राहावं लागेल.

२२ जानेवारी

झोप नाही. रेमीला समजावता येणार नाही. बाबांनी शब्द टाकलाय, तो जाणारच. बाबांशी मी आजवर कधी खोटं बोलले नाही. माझं शिक्षण वाया गेलं नाही, हे दाखवायला माझ्याकडे हे एकच झाड आहे.

कोटाच्या खिशात दोन हिरव्या डहाळ्या.

२३ जानेवारी

डहाळ्या शेगडीत जाळल्या. मग हॉस्पिटलात गेले आणि बाबांना सांगितलं — एकही नाही.

रेमीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे, ताई. चुकतं माणसाचं."

सोमवारी मशीन येतंय.